पाटीवर ‘डी’, पोटात ‘बी’

न्यू जर्सीतल्या ज्या एडिसन गावात आम्ही राहतो, त्याचं नाव उगाच एडिसन नाही. ओक ट्री रोडवर मेथी-कोथिंबीर घ्यायला येणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं कोण जाणे, पण एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून परत ऐकवणारं यंत्र, १८७७ साली पहिल्यांदा बोलला ते मेन्लो पार्क याच गावात आहे. ख्रिस्ती स्ट्रीटवर त्याचा स्मारक-मनोरा आहे. पाहुण्यांना तो दाखवून दाखवून शेवटी मलाच खूळ लागलं, आणि दोन वर्षांपूर्वी एका जुन्या बाजारातून ३०० डॉलरला मी तसलंच एक यंत्र उचलून आणलं. एडिसन स्टँडर्ड, ओकची पेटी, पाटीवर मॉडेल ‘डी’. स्प्रिंग शाबूत होती. नव्हतं ते असं : कर्णा, चावी, पट्टा आणि रिप्रोड्यूसर, म्हणजे ग्रामोफोनला साउंडबॉक्स असतो तसा सुई आणि पडदा असलेला तुकडा. थोडक्यात, यंत्र होतं पण मुकं.

‘डी’चं महत्त्व मला नंतर कळलं, तुम्हाला आधीच सांगतो. यात तबकडीऐवजी नळकांडं असतं, गाणं त्याच्यावरच्या खाचांत कोरलेलं. ते मिनिटाला १६० फेरे फिरतं. जुन्या नळकांड्यांवर इंचाला १०० खाचा असत, गाणं दोनेक मिनिटांत संपे. १९०८ मध्ये एडिसनने अँबेरोल नावाची नळकांडी काढली : इंचाला २०० खाचा, गाणं चार मिनिटांचं. खाच बारीक म्हणून सुई बारीक हवी, आणि रिप्रोड्यूसर पुढे सरकवणारा स्क्रू निम्म्या वेगाने फिरायला हवा. ‘डी’वर दोन्ही प्रकार वाजतात. त्यासाठी त्यात जास्तीचे गिअर असतात आणि ते बदलायला एक खुंटी.

मी मात्र नसलेल्या चार वस्तूंची यादी केली आणि दुरुस्त करणारा शोधू लागलो. शेजारच्या राज्यातला एक गृहस्थ सापडला. निवृत्त घड्याळजी, बोलायला लोण्यासारखा. मी म्हटलं, सुटे भाग तेवढे पाठवा, मी बसवतो. तो म्हणाला, “असं नाही जमत, शंभर वर्षांचं यंत्र आहे, प्रत्येक भाग त्याच्या अंगाला बसवून बघावा लागतो. पेटीसकट पाठवा.” ऐकायला किती रास्त वाटतं! एकूण ४२० डॉलर, त्यातले ३०० आगाऊ. तेही ‘मित्र-नातेवाइकांना’ पाठवायच्या पद्धतीने, म्हणजे मध्ये कमिशन कापलं जात नाही म्हणे. कमिशन कापलं जात नाही आणि तक्रारही करता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत असायला हवं होतं.

आमचे आजोबा तंबोऱ्याची जवारी काढायला मिरजेला जात. तंबोरा कारागिराकडे सोडून कधी आले नाहीत. दुकानात मांडी घालून बसायचे, चार चहा व्हायचे, जवारी मनासारखी लागली की तंबोरा घेऊनच उठायचे. आम्ही पोरं हसायचो, आजोबांचा कुणावर विश्वास नाही म्हणून. मी यंत्र फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून फेब्रुवारीत कुरिअरला दिलं.

मग नेहमीचंच. एप्रिलमध्ये निकेलचा मुलामा करायला दिलाय, जूनमध्ये पाठ दुखतेय, ऑगस्टमध्ये उरलेले १२० पाठवा म्हणजे पाठवतो. ऑक्टोबरमध्ये खोकं आलं. चकचकीत कर्णा, नवा पट्टा. दोन मिनिटांचं नळकांडं लावलं आणि कर्ण्यातून एक कोण कुठला गायक खरखरत गाऊ लागला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मी त्या माणसाला आभाराचा लांबलचक निरोप लिहिला. आज तो वाचवत नाही.

दिवाळीत एक काळं अँबेरोल मिळालं. ते लावलं तर सूर उड्या मारायला लागले आणि सुईखालून काळा बारीक चुरा पडू लागला. याला मेण म्हणतात, पण खरं तर तो धातूचा साबण असतो. जाड सुईखाली खरवडला जातो. मी यंत्र थांबवलं तोवर अर्धं गाणं टेबलावर पडलं होतं.

एका जुन्या संग्राहकाला यंत्र दाखवलं. त्याने झाकण उघडलं, पाटीच्या स्क्रूंवर नख फिरवलं, आणि हसला. “पाटी ‘डी’ची आहे, पोट ‘बी’चं.” म्हणजे जुन्या, फक्त दोन मिनिटं वाजवणाऱ्या मॉडेलचं. जास्तीचे गिअर नाहीत, खुंटी नाही. पाटीच्या स्क्रूंच्या खाचा ताज्या ओरबाडलेल्या. रिप्रोड्यूसर ‘सी’ मॉडेलची नवी नक्कल. तशा नकला खुशाल विकत मिळतात, त्यात गैर काही नाही, फक्त त्या नक्कल म्हणूनच विकायच्या असतात. मी पावती काढली. त्यावर लिहिलं होतं : ‘रिप्रोड्यूसर, ओरिजिनल टाइप’. तो ‘टाइप’ शब्द मी आठ महिन्यांत एकदाही वाचला नव्हता.

यंत्रात काय नाही ते मी बघत होतो, आणि काय आहे ते तो घड्याळजी. पाठवण्याआधी मी फोटो काढले होते, पण कशाचे? रिकाम्या जागांचे! कर्णा अडकवायची जागा, चावीचं भोक. निदान तुम्ही तरी आतली यंत्रणा चारही बाजूंनी टिपून ठेवा. गिअर, स्क्रू, पाटी, सगळं. न दिसेल अशा जागी स्वतःची एक खूण ओरखडा. आणि कुणी पेटीसकट मागितलं तर आमच्या आजोबांसारखे समोर जाऊन बसा, नाहीतर पाठवू नका. कर्णा, चावी, पट्टा घरी बसून लावता येतात. मी नंतर ते सगळं सोडवून परत लावलं, एक रविवार पुरला.

घड्याळजीला फोन केला. अगदी शांतपणे म्हणाला, “तुमचं यंत्र असंच आलं होतं. नसेल तर सिद्ध करा.” माझ्याकडे काही नव्हतं. दुसऱ्या राज्यात, त्याच्या गावच्या कोर्टात ४२० डॉलरसाठी कोण खेटे घालणार?

आठवड्याने बायकोनेच शोधून काढलं. मुलीच्या वाढदिवसाचा जानेवारीतला व्हिडिओ. ती केक कापतेय, सगळे टाळ्या वाजवताहेत आणि मागे टेबलावर झाकण काढलेलं यंत्र. मी तो त्याला पाठवला. त्याने पाहिला, दोन निळ्या खुणा आल्या, आणि तेव्हापासून त्याचा नंबर लागत नाही. व्हिडिओ मी अजूनही मधूनच लावतो. अकराव्या सेकंदाला मुलगी फुंकर मारायला वाकते, आणि तिच्या खांद्यामागे ती खुंटी स्पष्ट दिसते.