ओढ्यावर वीज करून देतो म्हणणारा आला, तर आधी हे वाचा

पौडच्या पुढे माझं आजोळ आहे. पावसाळ्यात तिथली लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. परसात ओढा. मामा दरवर्षी म्हणायचे, एवढं पाणी वाया चाललंय, याचं काहीतरी करायला पाहिजे. मी पुण्यात राहते, म्हणून चौकशी माझ्याकडे आली आणि ओळखीतून भोसरीच्या बाजूचा एक वर्कशॉपवाला सापडला. कारच्या अल्टरनेटरवर, म्हणजे गाडीत बॅटरी चार्ज करतो त्या यंत्रावर, एक किलोवॉटचा संच, बसवून 38,000 रुपये.

वर्कशॉपमध्ये त्याने अल्टरनेटर टेबलाला आवळून विजेच्या मोटरवर फिरवून दाखवला. हेडलाईटचा बल्ब असा पेटला की बघवेना. मग पाटीवरचा आकडा दाखवला: 14 व्होल्ट, 65 अँपिअर. "गुणाकार करा ताई, 910 वॉट. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते, मुंबईला जाते. तुमचे चार बल्ब लागणार नाहीत?" आम्हाला पटलं. भिऱ्याला ते पाणी सुमारे 500 मीटर खाली पडतं आणि आमच्या ओढ्याला जेमतेम 6 मीटरचा उतार आहे, हा विचार तेव्हा आम्ही केला नाही.

चार इंची पाइप, लोखंडी चाक, पट्टा, नवी 100 एएचची बॅटरी, चार एलईडी बल्ब. संध्याकाळी सगळे लागले. मामांनी नारळ फोडला आणि राहिलेले 18,000 रोख दिले.

दुसऱ्या रात्री दहाच्या सुमारास बल्ब मिणमिणायला लागले आणि विझले. चाक मात्र फिरतच होतं. फोन केला तर म्हणाला, पाणी कमी झालं असेल. मग म्हणाला, बॅटरी खराब निघाली. त्यानंतर फोन उचलणंच बंद.

पौडला जीप-ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा एक मुलगा आहे, त्याला नेलं. त्याने वायरीला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला आणि म्हणाला, "ताई, हा चार्जिंग करत नाहीये, उलटा बॅटरी खातोय." कारच्या अल्टरनेटरमध्ये चुंबक नसतो. रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, गुंडाळीला बॅटरीतूनच करंट द्यावा लागतो, आमच्याकडे तो 3 अँपिअरच्या आसपास होता. पहिल्या रात्री बल्ब पेटले ते दुकानातून चार्ज होऊन आलेल्या बॅटरीवर.

चाकावर खडूने खूण करून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये फेरे मोजले: मिनिटाला 280. पुलीने तिप्पट केले तरी 840. गाडी जागेवर नुसती चालू असते तेव्हासुद्धा अल्टरनेटर दोन हजाराच्या आसपास फिरतो, आणि पाटीवरचे 65 अँपिअर मिळतात पाच-सहा हजार फेऱ्यांना. वर्कशॉपमधल्या मोटरने ते फेरे दिले, आमचा ओढा कुठून देणार? पाइपखाली 20 लिटरची बादली धरली तर 4 सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला 5 लिटर. 5 गुणिले 6 गुणिले 9.81, साधारण 294 वॉट. हा झाला पाण्यातला सगळा जोर. त्यातला निम्मा चाकात आणि पट्ट्यात जातो, उरलेल्यातला जवळजवळ निम्मा अल्टरनेटर गरम होण्यात. हाती 70 वॉट आले तरी खूप. एक किलोवॉट तिथे कधीच होणार नव्हता.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, माणसाला हिशेब आला नाही. पण पावतीवर "रिवाइंडिंग व मॅग्नेट रोटर" म्हणून 6,000 वेगळे लावले होते. बारीक तारेचे जास्त वेढे भरले आणि रोटरला चुंबक बसवले, तर कमी फेऱ्यांतही व्होल्टेज मिळतं. हा उपाय खरा आहे. मुलाने मागचं झाकण काढलं. आत कार्बन ब्रश होते, म्हणजे रोटरच्या गुंडाळीला करंट पोचवणारे तुकडे. मॅग्नेट रोटरला ब्रशचं काय काम? तार कंपनीची, जुनी, काळवंडलेली. नवा होता तो फक्त वरचा चंदेरी रंग. नंतर रविवारी जुन्या बाजारात तसलाच अल्टरनेटर 1,500 ला बघितला तेव्हा मला रडू आलं. मामांनी भाताच्या पैशातून दिले होते हो ते.

पावती साध्या कागदावर आहे, जीएसटी नंबर नाही. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

याच माणसाने ताम्हिणीकडे कुणाच्या तरी ओढ्याचं मोजमाप घेतल्याचं परवा कळलं, म्हणून घाईने लिहितेय. त्याने बसवून दिलंच, तर चाक थांबवून बॅटरीचं व्होल्टेज बघा. मग पाणी सोडा, बल्ब लावा आणि तासाभराने परत बघा. आकडा 13.5 च्या वर गेला नसेल, तर उरलेले पैसे देऊ नका.