८ बाय ४२ दुर्बीण : नाथसागर ते थेक्कडी, आठ महिन्यांनंतर

जानेवारीत ही दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, म्हणून ८ बाय ४२) साडेअकरा हजाराला घेतली, तेव्हा आईनं विचारलं, "परभणीत काय बघणारेस हिच्यातून?" प्रश्न काही चुकीचा नव्हता. आमच्याकडं माळावर ऊनच एवढं असतं की कुठल्याही दुर्बिणीतून सगळं लख्ख दिसतं. फेब्रुवारीत पैठणला नाथसागरावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहिले. दाजींच्या खिशात मावणाऱ्या १० बाय २५ मधूनही ते तितकेच छान, उलट जरा मोठेच दिसले. पैसे पाण्यात गेले असं वाटलं.

वसूल झाले सप्टेंबरात. सिकंदराबादला गाडी बदलून मी आणि दाजी केरळात थेक्कडीला गेलो, पेरियारचं सदाहरित जंगल बघायला. सकाळचे नऊ वाजले तरी झाडांखाली आपल्याकडच्या दिवेलागणीएवढाच उजेड. ४२ ला ८ नं भागा : डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका सव्वापाच मिलिमीटरचा. दाजींचा अडीच. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, तेव्हा हा हिशेब कळतो.

वरून वाफेचं इंजिन निघाल्यागत आवाज आला. महाधनेश, म्हणजे मोठा हॉर्नबिल! त्याच्या पंखांचाच तो आवाज. माझ्या दुर्बिणीत त्याचा लाल डोळा स्पष्ट दिसला, म्हणजे नर. मादीचा डोळा पांढरट असतो.

"दाजी, डोळा दिसला का?"

"मला अजून पक्षीच दिसंना."

त्याला हेरलं होतं वाटाड्यानं, आणि त्याच्याकडं दुर्बीणच नव्हती. आवाज यायच्या आधीच तो थांबून मान वर करून उभा होता. पेरियारमध्ये पूर्वी दालचिनीची साल चोरून विकणाऱ्यांना १९९० च्या दशकात वनखात्यानं वाटाड्याचं काम दिलं. जंगलातल्या आडवाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार? आम्ही दिलेल्या फीवर कुणाचं तरी घर चालतं आणि झाडंही उभी राहतात, हे मला दुर्बिणीपेक्षा जास्त पटलं. बीड जिल्ह्यात नायगावच्या मयूर अभयारण्यात मी दोनदा गेलोय. गाडीतून मोर पाहिले, घरचा डबा खाल्ला, परत आलो. गावात दहा रुपयेही खर्च केले नाहीत. चूक माझीच.

जळवांसाठीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे तिथं मिळतात. दाजींनी ते नाकारले आणि संध्याकाळी हॉटेलात मीठ मागत फिरले.

आता तक्रारी. आत नायट्रोजन भरलेला असल्यानं आतून वाफ धरली नाही, पण माझ्या श्वासानं डोळ्याकडची काच सारखी धूसर व्हायची. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी पूर्ण खाली फिरवावी लागते. हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि महिनाभर मी अर्धंच चित्र बघत होतो. पुढच्या भिंगाचं एक झाकण पडलं, ते सुटं मिळत नाही म्हणे. घरी आमच्या काळ्या मातीची धूळ बसते, ती आधी फुंकणीनं उडवा. उपरण्यानं पुसाल तर काचेवर ओरखडे. पावसाळी जंगलातून आल्यावर मात्र सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात बंद करून ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

दाजी माझीच मागून नेतात आता. तुम्ही घेतलीत तर सोबतचा पट्टा तेवढा बदला. पाऊण किलो वजनानं दुपारपर्यंत मान धरते.