शिलाई बसवायची: नुसती इस्त्री की लाकडी ठोकळा?

लोकरी कोटाची शिलाई उलगडून माया (शिलाईच्या आत सोडलेली कापडाची जादा कड) दोन्ही बाजूंना पाडली, वाफेची इस्त्री फिरवली, की ती छान बसलेली दिसते. पण इस्त्री उचलताच कापड गरम आणि ओलसरच असतं, आणि माया हळूच पुन्हा वर येते. मग आपण इस्त्री आणखी दाबतो, आणि उजव्या बाजूला चकाकी उमटते. गडद रंगावर तर ती लपतच नाही.

टेलर्स क्लॅपर म्हणजे कठीण लाकडाचा, हातात मावणारा गुळगुळीत ठोकळा. वाफ दिली की इस्त्री बाजूला ठेवून तो लगेच शिलाईवर दाबायचा, दहा-पंधरा सेकंद. लाकूड ओल शोषतं, वर उष्णता पटकन निसटू देत नाही. कापड दाबाखालीच थंड होतं आणि घडी टिकते. क्लॅपर या नावावरून आपटायचं वाटलं तरी बडवायचं नाही, फक्त दाबायचं. ठोकळ्याला पॉलिश मात्र नको, ओल शोषणार कशी?

डेनिम, लिनन, लोकर असेल तर मी ठोकळाच घेते. पातळ सुती ब्लाउजला इस्त्री पुरते. मखमलीवर ठोकळा नकोच, लव कायमची चेपते.