ब्लेंडर ४.२ : अडीच मिनिटांच्या पहिल्या ॲनिमेशनपटासाठी

विहिरीवरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन घराकडे निघालेली आजी, वाटेत भेटलेले तहानलेले वासरू आणि उंबरठ्यावर पोहोचलेली निम्मीच कळशी, एवढ्या गोष्टीचा अडीच मिनिटांचा ॲनिमेशनपट मी नोकरी सांभाळून, रात्रीचे दीड-दोन तास बसून, अकरा महिन्यांत पूर्ण केला. त्यासाठी वापरलेल्या ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचे हे परीक्षण आहे. ते एकट्याने, घरच्या लॅपटॉपवर, हौसेने चित्रपट करू पाहणाऱ्यांसाठी लिहिले आहे, त्यामुळे खेळ, जाहिराती किंवा वास्तुचित्रे यांसाठी ब्लेंडर कसे आहे याची चर्चा येथे केलेली नाही.

ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे आणि नेमके याच कारणाने अनेक जण ते दुय्यम असावे असे धरून चालतात. ते सर्वांसाठी खुले झाले ते मात्र लोकांच्या वर्गणीतून. नेदरलँड्समधील टॉन रोझेंडाल यांची मूळ कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो उभे केले आणि सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला करून घेतला. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये घडला आणि तो रेंडर झाला, म्हणजे त्याची अंतिम चित्रे तयार झाली, ती ईव्ही या त्यातल्याच जलद इंजिनावर. सामान्य लॅपटॉपवर काम करणाऱ्याला ही दुसरी गोष्ट पुरस्कारापेक्षाही अधिक मोलाची वाटावी, कारण त्याचाही आधार तेच इंजिन असते.

माझ्या मते ब्लेंडरचा सर्वांत मोठा गुण म्हणजे चित्रपटाचे नियोजन त्यातच करता येते. ग्रीज पेन्सिल या ब्लेंडरमधल्या रेखाटनाच्या साधनाने प्रत्येक शॉटचे कच्चे चित्र काढावे, ती चित्रे व्हिडिओ सिक्वेन्सर या त्यातल्याच संकलनाच्या भागात ओळीने लावावीत, खाली मोबाइलवर टिपलेला पाण्याचा, पावलांचा आवाज टाकावा आणि संपूर्ण गोष्ट वेळेनुसार पाहावी, हेच ॲनिमॅटिक. माझ्या पहिल्या ॲनिमॅटिकमध्ये ४१ शॉट होते आणि ते चार मिनिटांहून लांब होते. ते पाच-सहा वेळा पाहिल्यावर लक्षात आले की आजीचा विहिरीपर्यंतचा सगळा प्रवास काढून टाकला तरी गोष्टीचे काहीच बिघडत नाही. शॉट २३ वर आले आणि गाव, पाणवठ्यावरच्या बायका, बैलगाडी यांपैकी काहीही घडवावे लागले नाही. हे काम मी दोन महिने विहिरीचा एकेक दगड घडवण्यात घालवल्यानंतर केले, याची हळहळ आजही वाटते. त्यांतले बहुतेक दगड एकाही शॉटमध्ये दिसत नाहीत. म्हणून ॲनिमॅटिक पक्के होईपर्यंत मॉडेलिंगला, म्हणजे वस्तू आणि पात्रे घडवण्याला, हात लावू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

शिकण्याच्या बाबतीत ब्लेंडर सुरुवातीला कठीण जाते. २०१९ च्या २.८० आवृत्तीपासून त्याची मांडणी बरीच सोपी झाली असली, तरी शिकवणीचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि त्यातला मोठा भाग मॉडेलिंगचा आहे. पात्र हलवायला शिकायचे असेल, तर उसळणारा चेंडू आणि झुलणारा लंबक हे जुनेच पाठ गिरवावे लागतात. स्वतःचे पात्र तयार नसताना सरावासाठी ब्लेंडर स्टुडिओची ‘रेन’ आणि ‘स्नो’ ही सांगाड्यासह तयार पात्रे मोफत मिळतात. त्यांचा मला फार उपयोग झाला.

खरी परीक्षा झाली ती कळशीची. कीफ्रेम, म्हणजे हालचालीतले ठळक पवित्रे, दिल्या की ब्लेंडर मधली हालचाल आपोआप भरते आणि मूळ सेटिंगनुसार प्रत्येक हालचालीची सुरुवात आणि शेवट मऊ करते, त्यामुळे माझी आजी पाण्यात तरंगत असल्यासारखी चालत होती आणि कळशी रिकामी वाटत होती. यावर उपाय असा की प्राथमिक पवित्रे बसवताना कीफ्रेममधल्या हालचालीचा (इंटरपोलेशनचा) प्रकार कॉन्स्टंट ठेवावा, म्हणजे पात्र एका पवित्र्यातून थेट दुसऱ्यात जाते आणि चुकीचा पवित्रा गुळगुळीत हालचालीआड लपत नाही. मग मी आईला खरी भरलेली कळशी घेऊन अंगणातून चालायला सांगितले, ते मोबाइलवर टिपले आणि तो व्हिडिओ कॅमेऱ्याच्या पार्श्वभूमीला लावून फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, मोजल्या. २४ फ्रेमच्या सेकंदात रिकाम्या हाताने तिचे एक पाऊल साधारण १२ फ्रेममध्ये पडत होते, कळशी घेतल्यावर १६ फ्रेम लागत होत्या. धड उजवीकडे कलत होते आणि मोकळा हात शरीरापासून दूर जात होता. हालचाल आलेखात दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये कंबरेची रेघ भाराच्या पावलाला झपकन खाली आणि मग सावकाश वर अशी ओढली, आणि कळशीत पाणी आले. ते पाहून झालेला आनंद अकरा महिन्यांत पुन्हा कशाने झाला नाही.

रेंडरिंगचा हिशोब आधीच मांडावा. अडीच मिनिटे म्हणजे ३६०० फ्रेम. माझ्या १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सायकल्स या ब्लेंडरच्या दुसऱ्या इंजिनाला एका फ्रेमला चार मिनिटे लागत, म्हणजे सलग दहा दिवस. ईव्हीला बारा सेकंद, म्हणजे बारा तास. छाया-प्रकाशाचा जो सूक्ष्मपणा सायकल्समध्ये मिळतो तो ईव्हीत मिळत नाही, पण मी ईव्हीच निवडले. रेंडर थेट व्हिडिओत न करता पीएनजी चित्रांच्या मालिकेत करावे आणि ओव्हरराइटची (आधीच्या चित्रांवर पुन्हा लिहिण्याची) खूण काढून ठेवावी. आमच्याकडे मध्यरात्री वीज गेली तेव्हा तयार झालेल्या १९०० फ्रेम जशाच्या तशा राहिल्या आणि सकाळी काम पुढून सुरू झाले.

मराठी वापरकर्त्याला जाणवणारी एक उणीव गंभीर आहे. ४.२ च्या टेक्स्टमध्ये देवनागरीची जुळणी होत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते आणि जोडाक्षरे फुटतात. श्रेयनामावली इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून, अक्षरांचे पाथ (रेषाकृती) करून, एसव्हीजी या रेखाचित्राच्या फाइलच्या रूपात आणणे हा मार्ग चालतो, पण एक शब्द बदलायचा तरी सगळे पुन्हा करावे लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन वर्षे दुरुस्त्या मिळणारी दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी आणि चित्रपट संपेपर्यंत ती बदलू नये. पहिल्या फाइलमध्ये फ्रेमचा वेग २४ ठेवावा, सिक्वेन्सर उघडावा आणि चित्रपटात ऐकू येणारा पहिला आवाज त्यात टाकून कामाला लागावे.