पारदर्शक रंगासाठी आठ अंकी हेक्स की आरजीबीए?

वेबसाइटवर ठोस रंगाला सहा अंकी हेक्स (# नंतर लाल, हिरवा, निळा यांचे सोळाच्या आधारावरचे दोन-दोन अंक) लिहावा, तिथे निवडण्यासारखं काही नाही. प्रश्न येतो तो रंग थोडा आरपार दिसायला हवा असतो तेव्हा: हेक्सला पारदर्शकतेचे आणखी दोन अंक जोडायचे, की तेच तीन रंग आणि पारदर्शकता साध्या आकड्यांत आरजीबीएमध्ये लिहायची?

मी लातूरकडच्या क्लासेसच्या साइट करतो. फॉर्म भरायला बरेच पालक औसा, निलंग्याच्या सेवा केंद्रांत जातात आणि तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ अजूनही दिसतं. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. तेवढ्यापुरतं दोन्ही चालतं, कारण आठ अंकी हेक्स क्रोमला ६२ पासून कळतो. इंटरनेट एक्सप्लोररला तो कधीच कळला नाही. आरजीबीए मात्र एक्सप्लोरर ९ पासून आहे.

माझं मत ठरलं ते अंकांच्या क्रमामुळे. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) पारदर्शकतेचे दोन अंक शेवटी येतात, अँड्रॉइडच्या रंगांच्या फाइलमध्ये सुरुवातीला. ॲप करणाऱ्याकडून पॉपअपमागच्या अर्धवट काळ्या पडद्याचा रंग #८००००००० असा येतो. तोच स्टाइलशीटमध्ये, म्हणजे सीएसएसच्या फाइलमध्ये, चिकटवला की ब्राउझर त्याला गडद तांबडा समजतो आणि शेवटच्या दोन शून्यांमुळे पूर्ण अदृश्य करतो. पडदा गायब! एरर कुठेच नाही, कारण कोड वैधच आहे. हवा होता #००००००८०. शोधताना डोळे शिणतात, आणि दर नव्या ॲपवाल्याबरोबर हेच पुन्हा. आरजीबीए(०, ०, ०, ०.५) वाचताना असा घोळ होत नाही. क्लासवाले सर ‘जरा फिकं करा’ म्हणाले की ०.५ चं ०.४ करायचं, हेक्समध्ये त्यासाठी ८० चं ६६ करावं लागतं.

हेक्स आटोपशीर आहे, हे मान्य. टीममध्ये सगळे फक्त वेबवरच काम करत असतील तर तो घ्यायला हरकत नसावी. आरजीबीएत स्वल्पविराम मात्र ठेवा. स्पेस आणि तिरक्या रेघेची नवी पद्धत क्रोमला ६५ पासूनच कळते.

ओकेएलसीएचचा (उजळपणा, तीव्रता आणि छटा यांनी रंग लिहिण्याच्या नव्या पद्धतीचा) मोह होत असेल तर ते क्रोम १११ मध्ये आलं, म्हणजे विंडोज ७ वर नाहीच. आधी आरजीबीएची ओळ आणि खाली ओकेएलसीएचची, असं लिहिलं तर जुना ब्राउझर खालची सोडून वरची धरतो. पण खालचा रंग व्हेरिएबलमधून (एकदा नाव देऊन ठेवलेल्या किमतीतून) घेतला असेल तर क्रोम १०९ वरची ओळ टाकून देतो, नंतर त्याला रंगच कळत नाही आणि बॅकग्राउंड पारदर्शक होतं. व्हेरिएबलमध्येही मूळ रंग आरजीबीएच ठेवा आणि ओकेएलसीएच ‘@सपोर्ट्स’च्या आत, म्हणजे ब्राउझरला कळत असेल तरच लागू होणाऱ्या भागात, लिहा.