जीपीएस घड्याळ घेताय? आधी फोन घरी ठेवून सायकल चालवून बघा

गोव्याची हाफ आयर्नमन शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. तयारीचे दिवस जवळ आले की ग्रुपवर 'बॉक्स पीस', म्हणजे खोक्यासकट नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांचे फोटो पडायला लागतात. माझे बावीस हजार त्यातच गेले.

विकणारा ओळखीच्या ओळखीतला. "ताई, मेहुणा दुबईहून आणतो, म्हणून स्वस्त. सील फक्त चार्जिंगला फोडलंय." खोका, मॅन्युअल, मागचा सीरियल नंबर, सगळं जिथल्या तिथे. मी चाचणी मागितली, तर त्याने लिंक पाठवून माझ्या फोनवर ॲप चढवलं, घड्याळ बांधलं आणि रंकाळ्याला फेरी मारायला लावली. ॲपमध्ये तळ्याभोवतीचा नकाशा अगदी बरोबर उमटला. पैसे यूपीआयने तिथेच दिले.

सगळी खेळी त्या नकाशात होती. घड्याळात जीपीएस नव्हतंच. ठिकाण माझ्या खिशातला फोन पुरवत होता. फोन जवळ नसला की ते हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतं आणि अंतर ठोकून देतं. धावताना ते बऱ्यापैकी जुळतं, म्हणून संशय येत नाही. एका रविवारी फोन घरी ठेवून पन्हाळ्याला सायकलने गेले. वर पोचले तरी स्क्रीनवर दीड किलोमीटर! हात हँडलवर स्थिर, मग मोजणार काय?

अंतराचं एक वेळ सोडून देईन. पण त्याच चढावर मला धाप लागली होती आणि घड्याळ ठोके ११८ दाखवत होतं. थांबून मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले, ४१ भरले. म्हणजे मिनिटाला १६४. या आकड्यांवर विसंबून कुणी 'झोन टू' (दम न लागणारा हलका व्यायाम) समजत रोज जोर लावला तर शरीराची वाट लागेल. मला खरा संताप याचा आहे.

तेव्हा घड्याळ हातात आलं की फोन लांब ठेवा आणि उघड्यावर दोन-तीन किलोमीटर सायकल मारा. नकाशा त्यानंतरच बघा. तळघरातल्या पार्किंगमध्येही ते चटकन 'जीपीएस रेडी' म्हणत असेल तर संशय घ्या. कंपनीचं अधिकृत ॲप सोडून लिंकवरून दुसरंच काही उतरवायला सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबवा. ठोके चढावर मानेच्या नाडीशी ताडून बघा. घड्याळ टॉवेलला गुंडाळून ठोके दाखवतं का ते तपासायची युक्ती मात्र कामाची नाही. निर्जीव वस्तूवर खरं घड्याळही कधीकधी आकडा दाखवतं.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकली नसेल तर गोठवता येते. माझ्या तक्रारीपर्यंत त्याचं खातं रिकामं झालं होतं, नंबरही बंद. कोपऱ्यात स्टिकर फाटलेल्या त्याच खोक्याचा फोटो गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका सायकल ग्रुपवर दुसऱ्या नावाने आला. तिथल्या ॲडमिनना माझ्या तक्रारीची प्रत पाठवली आहे.