फणसाच्या पाटाची घडीची विळी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

विळी दोन महिने वापरून ती चांगली की वाईट हे कळत नाही. पात्याची धार, खवणीच्या दातांची झीज आणि पाटाचे लाकूड यांची परीक्षा एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावरच होते, असे माझी आजी म्हणत असे. माझ्या विळीच्या वाट्याला पावसाळा आला नाही, जर्मनीतला हिवाळा आला. यंदा गणपतीसाठी गावी आले असताना तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण लग्न होऊन परदेशी निघालेल्या आमच्याकडच्या मुली काय न्यावे हे विचारतात तेव्हा त्यांना मसाले, कुळथाची पिठी आणि आमसुले यांची यादी सगळेच देतात, पण विळीचे नाव कोणी घेत नाही.

ही विळी मी कुडाळच्या बाजारातून, एका सुताराकडून साडेआठशे रुपयांना घेतली. पाट फणसाच्या लाकडाचा, हळदीसारखा पिवळा आणि हाताला जड आहे. पाते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून लोहाराकडून ठोकून घेतलेले आहे. टोकाच्या खवणीला बारीक, जवळजवळ बसवलेले दाते आहेत. पात्याच्या मुळाशी असलेला बोल्ट सैल केला की पाते पाटातल्या खाचेत आडवे निजते आणि सगळी विळी एखाद्या जाड वहीएवढ्या उंचीत मावते. वजन एक किलो नऊशे ग्रॅम भरले. प्रत्येकी २३ किलोंच्या दोनच बॅगा न्यायच्या होत्या, त्यामुळे एवढे वजन विळीसाठी घालवावे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. ती सासूबाईंनी संपवली. "मिक्सर थंय गावतलो गो, विळी गावाची नाय," (मिक्सर तेथे मिळेल, विळी मिळणार नाही) एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पात्याला गुंडाळायला काढून दिला.

नेण्याविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. विळी विमानात जवळ बाळगता येत नाही, ती तपासणीसाठी देण्याच्या मोठ्या बॅगेतच जाते, आणि पाते नीट गुंडाळलेले असावे लागते, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. मी लुगड्याच्या तुकड्यावर पुठ्ठा बांधला आणि खवणीच्या दातांवर नारळाच्या काथ्याचा गोळा दाबून बसवला. दुसरी गोष्ट नारळाची. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशांनी बाहेरून आणलेल्या जवळजवळ सर्व ताज्या फळांना आणि पाल्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राची सक्ती केली आहे, आणि त्यातून केवळ पाच फळे वगळली आहेत : अननस, केळे, खजूर, ड्युरियन आणि नारळ. त्यामुळे आंबे नेता येत नाहीत, हळदीची पाने नेता येत नाहीत, कढीपत्ता नेता येत नाही, दुधाचे पदार्थ चालत नसल्याने घरचे तूपही मागे राहते, पण आपल्या परसातला नारळ मात्र नेता येतो. आम्ही चार नारळ सोलून, शेंडी ठेवून नेले.

माझे यजमान आधीपासूनच श्टुटगार्टला नोकरीला होते आणि चार मित्रांबरोबर एका घरात राहत होते. लग्नानंतर माझ्या व्हिसाची वाट पाहण्यात सहा महिने गेले आणि मी तेथे पोहोचले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांसाठी नुकतीच वेगळी जागा घेतली होती. त्या जागेत स्वयंपाकाची खोली होती, पण स्वयंपाकघर नव्हते. जर्मनीत भाड्याची बरीच घरे अशीच मिळतात. आधीचा भाडेकरू जाताना ओटा, कपाटे, शेगडी, क्वचित भांडी घासायचे सिंकसुद्धा घेऊन जातो आणि नव्या माणसाच्या हाती भिंतीतून बाहेर आलेले नळाचे तोंड आणि विजेची जोडणी एवढेच राहते. आमचे स्वयंपाकघर येऊन बसेपर्यंत पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत आमच्याकडे एक इंडक्शनची शेगडी, दोन पातेली, घरून नेलेला मिक्सर आणि ही विळी एवढेच सामान होते. भांडी न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये धुवावी लागत. (मिक्सर तेथे चालतो, कारण वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असते, फक्त आपला तीन पायांचा प्लग बसत नाही.)

विळीचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. सुरीला ओटा लागतो किंवा निदान टेबल लागते. विळीला फक्त जमीन लागते. रिकाम्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून मी विळीवर बसत असे आणि कांदा, बटाटा, कोबी, तेथे मिळणारी घट्ट, गोड गाजरे सारे काही चिरून होत असे. नव्या देशात, नव्या घरात, जेथे शेजारणीशी बोलायला माझ्याकडे भाषा नव्हती आणि खिडकीबाहेरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, तेथे दिवसातून अर्धा तास तरी माझे हात ओळखीचे काम करत होते, हे मला फार मोलाचे वाटले आणि आजही वाटते.

लगेच एक अडचण मात्र आली. विळीच्या पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या कडा सुताराने घासलेल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी लाकडी जमिनीवर एक बारीक ओरखडा दिसला. तेथे घरमालक कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी अनामत घेऊ शकतो आणि घर सोडताना जमिनीची पाहणी बारकाईने होते, त्यामुळे त्या ओरखड्याने आमची झोप उडाली. यजमानांनी खुर्च्यांच्या पायांना लावायच्या फेल्टच्या चिकट चकत्या आणून पट्ट्यांखाली लावल्या. तेव्हापासून ओरखडा आला नाही, आणि विळी सरकतही नाही. या चकत्या आपल्याकडेही मिळतात. विळी नेणाऱ्यांनी त्या येथूनच लावून न्याव्यात.

आता खवणीविषयी, कारण पात्यापेक्षा खवणीनेच या विळीचे पैसे वसूल केले. तेथील दुकानांत मिळणारा नारळ सोललेला, शेंडी नसलेला आणि बहुधा जुना असतो. खोबरे कडक, पाणी थोडे. अशा नारळावर मोठ्या दातांची खवणी घसरते आणि खोबऱ्याचे तुकडे उडतात. या खवणीचे दाते बारीक असल्याने कडक खोबऱ्याचाही मऊ, एकसारखा चव (खवलेले खोबरे) पडतो आणि तो कोमट पाण्यात भिजवून पिळला की दाट रस निघतो. पाकिटातल्या सुक्या किसापासून असा रस निघत नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात तो प्रयत्न करून पाहिला आणि सोलकढीऐवजी गुलाबी पाणी प्यायलो. डब्यातले नारळाचे दूध भाजीला चालते, पण सोलकढीत त्याची चव वेगळी लागते. सोलकढी करायची असेल तर खोबऱ्याची तपकिरी पाठ दिसू लागताच हात थांबवावा लागतो, आणि टेबलाला बसवायच्या, दांडा फिरवायच्या यंत्रात ते साधत नाही, कारण त्यात खोबरे कोठवर आले हे डोळ्यांना दिसत नाही. विळीवर प्रत्येक खेपेला दिसते.

यजमान विळीवर कधी बसलेले नव्हते. त्यांच्या घरी आई, आजी आणि काकी असताना तशी वेळच आली नाही. परदेशात आलेल्या जोडीदारांसाठी तेथे ६०० तासांचा भाषेचा आणि त्यावर १०० तासांचा देशाची ओळख करून देणारा अभ्यासक्रम असतो; माझा वर्ग संध्याकाळचा मिळाला आणि मी घरी परतेपर्यंत साडेआठ होत. मग एका सोमवारी त्यांनीच सांगितले की नारळ मी खवून ठेवतो. पहिला अर्धा नारळ खवायला त्यांना पंचवीस मिनिटे लागली. ते वाटीच्या मध्यापासून खवायला सुरुवात करत आणि कड तशीच राहून मग हातातून निसटत असे. मी त्यांच्या समोर बसून दाखवले : कडेपासून सुरू करायचे, वाटी मनगटाने थोडी थोडी फिरवत न्यायची, जोर खाली द्यायचा नाही, पुढून आपल्याकडे ओढायचे, आणि अंगठा कधीही वाटीच्या आत जाऊ द्यायचा नाही. दिवाळीपर्यंत त्यांना पूर्ण नारळ आठ मिनिटांत येऊ लागला. मी वर्गातून आले की ताटात पांढरा चव आणि शेजारी दोन स्वच्छ करवंट्या मांडून ठेवलेल्या असत. लग्नाआधी आम्ही एकमेकांना जेमतेम चार वेळा भेटलो होतो. आमची खरी ओळख या विळीच्या दोन बाजूंना बसून झाली असे मी म्हणेन, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

रविवारी तिचा आणखी एक गुण दिसला. जर्मनीत रविवारची विश्रांती राज्यघटनेनेच राखलेली आहे; दुकाने बंद असतात आणि इमारतीत ड्रिल, हातोडा किंवा सतत मोठा आवाज करणारे यंत्र चालवलेले शेजाऱ्यांना चालत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्क बाई राहतात. एका रविवारी सकाळी मी वाटप वाटायला मिक्सर लावला तेव्हा त्या वर आल्या आणि त्यांनी मला, अतिशय सौम्यपणे, घड्याळ आणि दिनदर्शिका दोन्ही दाखवली. तेव्हापासून नारळ शनिवारी संध्याकाळी फोडून ठेवायचा, वाटप शनिवारीच वाटायचे आणि रविवारी विळीवर होणारे सगळे करायचे असा आमचा नेम आहे. विळीचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. पुढे त्या बाईंना मी रविवारीच तांदळाचे घावणे आणि गुळाचा रस नेऊन दिला आणि माझे पहिले पूर्ण जर्मन वाक्य त्यांच्याशी बोलले.

गेल्या चतुर्थीला एकवीस मोदकांसाठी तीन नारळ खवले. हळदीची पाने नव्हती, तांदळाची पिठी भारतीय दुकानातली होती आणि उकड थोडी चिवट झाली. सारणात मात्र काही उणे राहिले नाही.

आता दोष, आणि तो मोठा आहे. ऑक्टोबरमध्ये इमारतीतले हीटर सुरू झाले आणि घरातली हवा एकदम कोरडी पडली. कोकणात लोखंडाला गंज चढतो म्हणून आपण पाते पुसून त्याला खोबरेल लावतो, पाटाकडे कोणी पाहत नाही, कारण आपल्या दमट हवेत लाकूड सुकून आकसण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे उलटे झाले. पाते चौदा महिन्यांत एकदाही गंजले नाही, पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाटाला पात्याच्या खाचेपासून मागच्या कडेपर्यंत चीर गेली आणि बोल्टभोवतीचे लाकूड आकसल्याने पाते हलू लागले. हलणाऱ्या पात्यावर काम करणे धोक्याचे आहे. यजमानांच्या तर्जनीला त्याच दिवशी कापले. आम्ही चिरेत लाकडाचा गोंद भरून, शिकंजा लावून दोन दिवस ठेवले, पाटाला सर्व बाजूंनी, खालूनसुद्धा, खोबरेल जिरवले आणि विळीची जागा हीटरजवळून काढून खिडकीच्या थंड कोपऱ्यात केली. चीर पुढे वाढली नाही, पण बोल्ट दर महिन्याला आवळावा लागतो.

यंदा आल्यावर मी ती चीर त्या सुताराला दाखवली. त्यांनी पाट उलटा करून नखाने लाकूड टोकरले आणि झाड त्या आधीच्याच पावसाळ्यापूर्वी तोडलेले होते, लाकूड पुरते सुकलेले नव्हते, हे सरळ कबूल केले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला, तरी विकताना सांगितले असते तर बरे झाले असते हे मी त्यांना बोलून दाखवले.

ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांच्या घरी रांगते मूल आहे त्यांनी ही घेऊ नये. नुसती भाजीच चिरायची असेल तर चांगली सुरी पुरते. लोखंडी पाते कैरी आणि केळफुलाला काळे पाडते, तेव्हा त्यासाठीही सुरीच वापरावी. स्टीलच्या हलक्या घडीच्या विळ्या बाजारात निम्म्या किमतीत मिळतात, पण मी हाताळलेल्या सर्व विळ्यांचे पाट हलके होते. नारळ खवताना मांडीखाली असलेले वजनच विळी स्थिर ठेवते.

माझ्या नणंदेचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि ती नेदरलँड्सला जाणार आहे. तिच्यासाठी मी त्याच सुताराकडून दुसरी विळी घेतली, या वेळी तीन वर्षे सुकवलेल्या फणसाची, हजार रुपयांना. पाटाखालच्या कडा घासून घेतल्या आणि साध्या बोल्टऐवजी हाताने आवळता येणारा पंखाचा नट बसवून घेतला, म्हणजे पाना शोधावा लागणार नाही. नटाचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.